पाडव्याचा निंब

कुसगावच्या वरच्या वाडीत पाडव्याला जितकी घरं तितक्या गुढ्या उभ्या राहतात. काठीला खण, वर उपडा तांब्या, साखरेची गाठी, आंब्याचा डहाळा आणि निंबाचा. सरूबाईच्या गुढीला यातलं सगळं असतं, फक्त निंब नसतो. नव्यानं नांदायला आलेली एखादी सून विचारते, "मावशी, निंब इसरला वाटतं?" सरूबाई काठीची गाठ आवळत म्हणते, "न्हाई गं बाई. इसरला न्हाई." वाडीतल्या जुन्या बायका त्या सुनेला कोपरानं ढोसतात, आणि विषय तिथंच मिटतो.

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या पुढच्या पाडव्यापर्यंत सरूबाईच्या गुढीलाही निंब असे.

सरूबाईचं माहेर लोहगडवाडीचं. ती परकरात होती तेव्हा तिथं गोवराची साथ आली आणि तिचे दोन धाकटे भाऊ एकाच आठवड्यात गेले. तिलाही आला होता, पण ती तगली. भाऊ गेले ते शेजारच्या घरातून आलेल्या गोवरानं. त्या घरी कुणी आजारी आहे हे कळायच्या आधीच पोरं तिकडे खेळून आली होती. तिच्या आईनं मग उरलेल्या पोरीला दोन गोष्टी घोकून शिकवल्या. एक म्हणजे, आई अंगावर दिसायच्या आधी डोळ्यांत दिसते. गोवराला आई म्हणायची तिकडे रीतच होती. ताप चढतो, नाक गळायला लागतं, कोरडा खोकला सुटत नाही, डोळे लाल होऊन पाणावतात आणि पोराला उजेड नकोसा होतो. त्यानंतर कानामागं पुरळ दिसतं, मग कपाळावर, तोंडावर, आणि तिथून ते खाली उतरत पायापर्यंत जातं. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या घरी आई आली त्या घराच्या चौकटीला निंबाच्या डहाळ्या खोचतात. त्या घराची पायरी चढायची नाही.

"आपली माणसं घरातलं दुखणं तोंडानं सांगत न्हाईत," आई म्हणे. "आईचं नाव घेतलं की ती कोपती म्हनं. म्हणून दार सांगतं. तू दाराकडं बघून चालायचं."

लग्न होऊन वाडीत आल्यावरही सरूबाई दाराकडे बघूनच चालली. वाडीत कुठं निंब दिसला की ती दुरून हात जोडायची, पेजेचं भांडं पायरीपासून चार हात अलीकडे ठेवायची आणि हाक मारून निघून यायची. निंबावर तिचा जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांत एकाच बाईवर होता. ती बाई म्हणजे सावित्राबाई.

दोघी एकाच साली लग्न होऊन वाडीत आल्या. घरं भिंतीला भिंत लागून. दिवाळी झाली की दोघी डोंगरावर गवत कापायला जात आणि भारे लोणावळ्याच्या गोठ्यांवर नेऊन विकत. गवताचा भारा एकटीच्या हातानं डोईवर चढत नाही. दोघींनी मिळून उचलायचा, एकीनं खाली शिरायचं, दुसरीनं तो तिच्या चुंबळीवर नीट बसवायचा. मग जिच्या डोईवर भारा आहे तिनंच, मान न हलवता, गुडघे वाकवून दुसरीला हात द्यायचा. यात दोघींची मापं जुळावी लागतात. सरूबाई उंच होती, सावित्रा बुटकी, तरी त्यांची मापं अशी जुळली होती की दुसऱ्या बाया हसत. म्हणत, "ह्या दोघींचं लगीन लावायचं ऱ्हायलंच बघा!"

सावित्राला पोरं भराभर झाली. थोरला सोपान, मधले तिघे, शेंडेफळ रतन. सरूबाईची दोन बाळंतपणं वाया गेली. तिसऱ्या खेपेला चिंगी झाली, तेव्हा बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता आणि सुईण ओढ्याच्या पलीकडे अडकली होती. नाळ सावित्रानं कापली. न रडणाऱ्या पोरीला पालथं धरून पाठीवर चापट्या मारत ती ओरडली होती, "रड गं भवाने, तुज्या आयला मी काय तोंड दाखवू?" आणि चिंगी रडली होती. सरूबाईचा नवरा नवसू रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या गँगमध्ये होता. तो भिजून घरी आला तेव्हा सावित्रानंच पोर त्याच्या हातात ठेवली. ही बाई काही लपवू शकते हे सरूबाईच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

सोपानला रेल्वेत खलाशाची, मिस्त्रीच्या हाताखालची, नोकरी लागली आणि आंदर मावळातून सोयरीक आली. मुलगी चांगली, घर खाऊनपिऊन सुखी. सुपारी फोडायला पाडव्याचा मुहूर्त धरला. पाहुणे कान्ह्याच्या स्टेशनापर्यंत डोंगर उतरून चालत येणार, तिथून गाडीनं लोणावळ्याला आणि लोणावळ्याहून चालत वाडीला. आदल्या दिवशी सरूबाईनं बाजारातून एक हिरवा खण आणला, तांबड्या काठाचा. वरमाईची ओटी भरायला. सावित्रा तो गालाला लावून म्हणाली, "माझ्या भावानं बी कदी असा आणला न्हाई गं, सरू."

पाडव्याला उन्हं वर आल्यावर सरूबाई तीन वर्षांच्या चिंगीला कडेवर घेऊन शेजारी गेली. सावित्रानं अंगणात तीन दगडांची चूल मांडली होती.

"आगं, घरात चूल असताना उन्हात कशाला?"

"पाहुणं लय हायेत. घरात धूर मावायचा न्हाई," सावित्रा म्हणाली. "आन हे बघ, आमटीला फोडणी आज तू दे. माझा हात लागला की खारट व्हती, आमचं ह्ये बोंबलत्यात."

"बरं झालं, कबूल केलंस एकदाचं!" सरूबाई हसली.

सावित्राही हसली, पण लगेच आत वळली आणि निंबाचा मोठा भारा घेऊन बाहेर आली. "तू उंच हायेस. येवढं चौकटीला खोच. दोन्ही अंगाला."

सरूबाईनं वर बघितलं. चौकटीला आंब्याचं तोरण होतंच. "गुढीला हाये की निंब. चौकटीला कशाला?"

"आंदर मावळात असंच लावत्यात पाडव्याला. पाहुण्यांना बरं वाटंल."

लोहगडवाडीच्या सरूबाईला आंदर मावळातल्या चालीरीती काय ठाऊक. तिनं चिंगीला खाली ठेवलं, पाटावर चढली आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना निंबाच्या डहाळ्या खोचल्या. फुलोरा आलेला होता. बारीक पांढरी फुलं तिच्या केसांत पडली. खालून सावित्रा म्हणत होती, "जरा दाट खोच, दाट." मग सरूबाई उतरली, पोरीला उचललं आणि त्याच निंबाखालून आत गेली.

आतल्या अंधाऱ्या खोलीत रतन गोधडीवर पडली होती. सहा वर्षांची पोर, एरवी एका जागी न ठरणारी. चिंगी तिला बघताच खाली सरकली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. रतननं मान वर केली. तिचे डोळे लालबुंद होते आणि नाक वाहत होतं.

सरूबाई खोलीच्या दारातच थांबली. "सावित्रे, हिचे डोळे गं?"

"रातभर पुरणाला चूल पेटती व्हती हितंच. धूर गेलाय डोळ्यांत. आन पडसं हाये जरा."

"ताप न्हाई ना?"

"न्हाई गं बाई! तुला बी सगळीकडं आईच दिसती. असता ताप तर मी पाहुणं बोलावलं असतं?"

खोलीत धूर नव्हता. सरूबाईनं पाऊल पुढे टाकलं, तिला रतनच्या कानामागं बघायचं होतं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "पाहुणं आलं, पाहुणं आलं!" आणि सावित्रानं तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. "फोडणी, सरू, फोडणी!" सरूबाईनं जाताना दाराकडे बघितलं. दाराला निंब होता. पण तो तिनंच लावला होता, आणि तो पाडव्याचा होता.

सुपारी फुटली. आमटीला झणझणीत फोडणी बसली, कुरडया अंगणातच तळल्या, आंदर मावळचे पाहुणे बोटं चाटत जेवले. सावित्राच्या ओटीत हिरवा खण पडला. चिंगी दुपारभर रतनच्या गोधडीत झोपली. संध्याकाळी सरूबाईनं तिला उचललं तेव्हा पोरीच्या अंगाला त्या गोधडीचा कोंदट वास येत होता.

दुसरा आठवडा सरत आला तेव्हा चिंगीला ताप भरला. नाक गळू लागलं. खोकला असा की पोर वाकून जाई. दार उघडलं की ती तोंड फिरवून रडायची, "आये, ऊन नगं, ऊन नगं." सरूबाईनं कंदील वर धरला, डोळे बघितले, आणि तिला पुढचं सगळं कळलं. पुरळ कानामागं दिसायच्या आधीच तिनं आपल्या चौकटीला निंब खोचला. नवसूला म्हणाली, "अवं, कुणाला घरात येऊ देऊ नका. पोरंबाळं हायेत लोकांची."

वाडी लांब राहिली. सावित्राही आली नाही, पण ते रीतीला धरूनच होतं. रोज पायरीपाशी ती पेजेचं भांडं ठेवून जायची, हाकही न मारता. सरूबाईला वाटे, बिचारी घाबरलीय, घरात रतन आहे.

सरूबाईनं सगळे नेम पाळले. फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरणं बंद, घरात वहाण बंद. पोरीला निंबाच्या पाल्यावर निजवलं. पेजेपलीकडे काही द्यायचं नाही, दूध नाही, अंडं तर नाहीच, आणि आई घरात असताना दवाखान्याची पायरी चढायची नाही. पुरळ तोंडावरून पोटावर आलं, पोटावरून पायांवर. पुरळ पायांवर आलं की आई निघाली असं म्हणतात. पण चिंगी डोळे उघडेना. पापण्या चिकटल्या होत्या आणि श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"आता आईबी ऱ्हाऊ दे आन रीतबी ऱ्हाऊ दे," नवसू म्हणाला. त्यानं पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि लोणावळ्याची वाट धरली. सरूबाई अनवाणी मागं धावली.

डॉक्टरांनी पोरीची छाती तपासली आणि पापण्या कोमट पाण्यानं पुसून उघडल्या. मग म्हणाले, "गोवर आहे हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग आणलं का नाही? गोवरावर औषध नाही हे खरं, पण गोवरामागून जे येतं त्यावर आहे. श्वास असा जोरात चालला, डोळे उघडेनात, पोर पाणी पिईना, की थांबायचं नसतं. आणि उपाशी का ठेवलं? अशा वेळी जास्त खायला द्यायचं असतं. दूध, अंडी, भाजी, जे पोटात राहील ते."

सुया टोचल्या. माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या. छाती सुटली. पोर जगली. पण उजव्या डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. बाहुलीवर दुधाचा थेंब सांडावा तसा पांढरा ठिपका राहिला. डॉक्टर म्हणाले, या डोळ्यानं आता उजेड-अंधार तेवढा कळेल. मग विचारलं, "घरात दुसरं मूल नाही. हिला लागण कुठून झाली?"

"काय म्हाईत," सरूबाई म्हणाली. तेव्हा तिला खरंच माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं, पण अजून तसं म्हणवत नव्हतं.

पोर बरी झाली की शितळाईला दहीभात न्यायचा असतो. नेला नाही तर आई वाटेवरून परत फिरते. वाडीखाली ओढ्याच्या काठाला शेंदूर फासलेले पाच गोटे आहेत, तेच शितळाईचं ठाणं. म्हातारा बहिरू गुरव तिथली झाडलोट करी. सरूबाईनं दहीभात ठेवला, पाणी फिरवलं आणि डोकं टेकलं. वर बघते तर मधल्या गोट्याला हिरवा खण गुंडाळलेला. तांबड्या काठाचा.

तिनं तो दोन बोटांत धरून बघितला. काठाला एका जागी तलम धागा सुटलेला होता. बाजारात तिनं तो दुकानदाराला दाखवून खणाचा भाव थोडा पाडला होता.

"ह्यो कुणी नेसवला, बहिरूआबा?"

"सावित्रानं की. पाडवा झाला न् पाचसहा रोजांनी आलती. तिच्या रतनला येऊन गेली ना आई." म्हातारा खराट्यावर रेलला. "ऐन सुपारीच्या दिवशी आई आली, त्याच रातीला अंगभर फुलली व्हती म्हनं पोर. आईनं सांभाळून घेतलं, म्हनत व्हती. समदे नेम पाळले म्हनाली. चूल भाईर काढली, फोडणीला सोता हात लावला न्हाई, दाराला निंब लावला. आईला काय कमी पडू दिलं न्हाई बग तिनं."

सरूबाई ओढ्याच्या काठाला खाली बसली. चूल बाहेर. फोडणी तू दे. जरा दाट खोच, दाट. एक एक गोष्ट तिच्यापुढे येऊन उभी राहिली आणि प्रत्येक गोष्टीला तिचाच हात लागलेला होता. सावित्रानं देवीशी काही लबाडी केली नव्हती. देवीला हवं ते सगळं दिलं होतं. ते माणसांना दिसू नये म्हणून वर्षातला तो एकच दिवस तिच्या हाती आला होता, ज्या दिवशी सगळ्यांच्या दारी निंब असतो.

ती घरी गेली नाही. थेट सावित्राच्या अंगणात जाऊन उभी राहिली. सावित्रा तांदूळ पाखडत होती. सरूबाईच्या चेहऱ्याकडे बघताच सुपातले तांदूळ हलायचे थांबले.

"खण बगून आले," सरूबाई म्हणाली.

सावित्रानं सूप खाली ठेवलं. "सरू, आदी आईक..."

"रतनला ताप व्हता का न्हवता?"

"व्हता."

"तुला म्हाईत व्हतं?"

"पाहुणं डोंगर उतरून निघालं व्हतं गं! त्यांना कोण सांगाया जानार? सोयरीक मोडली असती. म्हणले असते, घरात आई आलेली आन ह्यांनी शुभकार्य मांडलं. सोपानचा जलम..."

"पाहुण्यांना न्हवतं सांगायचं. मला सांगायचं व्हतं."

"तुला सांगितलं असतं तर तू उंबऱ्यात पाय ठेवला नसतास. फोडणी कुणी दिली असती? सगळ्या बाया इचारत्या ना, सरू का न्हाई आली? तू न्हाई आलीस की वाडीनं वळखलंच असतं." हे बोलून झाल्यावर सावित्राला आपण काय बोललो ते कळलं असावं. ती घाईनं म्हणाली, "आन मी निंब लावला व्हता की दाराला! लपवलं न्हाई. दारानं सांगितलं व्हतं. तू तर सोता..."

"व्हय," सरूबाई म्हणाली. "मी सोताच खोचला."

आतून रतन पळत आली. तिचे डोळे स्वच्छ होते, काळेभोर. "मावशे, चिंगी खेळाया येनार का आता?" सरूबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कारण पोरीचा काही दोष नव्हता, आणि निघाली. पाठीमागून सावित्राचं रडणं ऐकू आलं. ते खोटं नव्हतं, हे सरूबाईला ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

भांडण झालं नाही, म्हणून वाडीला समजूत घालता आली नाही. भिंतीला भिंत तशीच राहिली. फक्त पुढच्या पाडव्याला सरूबाईच्या गुढीला निंब दिसला नाही. तिनं दारं बघणंही सोडलं. कुणाच्या घरी पोर किरकिरतंय कळलं की उंबऱ्याबाहेरून विचारायची, "डोळे कसे हायेत? उजेडाकडं बघतंय का? तोंडानं सांगा, बाई. दाराचं मला काय ऐकू येत न्हाई." सुरुवातीला बायका कानांवर हात ठेवत, आईचं नाव असं उघड्यावर कसं घ्यायचं म्हणून. मग एकदोघींनी सांगितलं, कुणावर काही कोप झाला नाही, आणि हळूहळू वाडीत लोक बोलू लागले. गोवरातून उठणाऱ्या पोरांना दूधही मिळू लागलं. चिंगीचा डोळा सगळ्यांनी बघितला होता.

गवताला सरूबाई एकटी जाऊ लागली. डोंगराच्या वळणावर कमरेएवढा एक खडक आहे. त्यावर भारा कसाबसा लोटायचा, पाठ करून खाली बसायचं, डोकं आत घालायचं आणि मणक्यातून कळ निघेपर्यंत जोर लावून उठायचं. पहिल्या वर्षी कितीदा तरी भारा कलंडला. मग तिला ते जमलं.

चिंगी मोठी झाली. एका डोळ्यानंही ती सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची. बघायला आलेले दोन पाहुणे पांढरा ठिपका बघून उठून गेले, तिसरे राहिले. सोपानची बायको चांगली निघाली, तिला पोरं झाली. वाडीत लाइटचे खांब आले. सावित्राचे केस पिकले. तिची दुसऱ्या कुणाशी मापं जुळली नाहीत. सुना भारा चढवून देत तेव्हा निम्मा तोल सावित्राला स्वतःच सावरावा लागे.

एका माघात, गवत सरत आलं असताना, सरूबाई भारा ओढत वळणावर आली तर खडकापाशी सावित्रा बसलेली. शेजारी भारा पडलेला. बरोबर कुणी नव्हतं. सरूबाईला बघून ती धडपडत उठली आणि मागे सरकली.

"सरू, जवळ येऊ नगंस," ती मोठ्यानं म्हणाली. "घरी सोपानच्या धाकट्याला गोवर आलाय. कालपासनं डोळे लाल हायेत. मी सगळ्यांना सांगितलंय. तुला सांगाया हितं बसले."

इतक्या वर्षांत सावित्रा तिच्याशी पहिल्यांदा एवढं बोलली. सावित्राला काहीतरी ऐकायचं होतं, कदाचित शिवीसुद्धा.

"मला काय भ्या," सरूबाई म्हणाली. "एकदा येऊन गेली की परत येत न्हाई ती. मला माझ्या आईच्या घरात आली. चिंगीला तुझ्या घरात."

तिनं आपला भारा खडकावर टेकवला आणि सावित्राच्या भाऱ्याला हात घातला. सावित्रा न बोलता वाकली. हातांना सगळं आठवत होतं, कुठं धरायचं, कधी सोडायचं. भारा सावित्राच्या चुंबळीवर अलगद बसला, इतक्या वर्षांत बसला नव्हता तसा. मग रीतीप्रमाणे सावित्रानं मान न हलवता गुडघे वाकवले आणि सरूबाईच्या भाऱ्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

"पोराला दूध देत जा," सरूबाई म्हणाली. "श्वास लागला तर दवाखान्यात न्या, थांबू नका."

आणि ती त्या हातांकडे न बघता खडकाकडे वळली, पाठ करून खाली बसली आणि भाऱ्याखाली डोकं घातलं. सावित्राचे हात अजून पुढेच होते. सरूबाई एकटीच जोर लावून उठली, आणि उताराला लागली.